तुझा घोडा कधी मागे जात नाही

गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त रेल्वे गार्ड आपल्या सुनेबरोबर आले. वय ७४, मधुमेह आटोक्यात, चालणे-फिरणे व्यवस्थित. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, माझं डोकं कामातून गेलं. स्मृतिभ्रंश झालाय मला. तुम्ही फक्त कागदावर लिहा." पुरावा म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला. नोकरीत असताना रनिंग रूममध्ये भल्याभल्यांना बुद्धिबळात हरवणारा हा माणूस तीन महिन्यांत मोबाइलवर एकही डाव जिंकला नव्हता. एकशे चाळीसच्या वर डाव झाले होते आणि प्रत्येकापुढे हार लिहिलेली होती.

मी त्यांना तारीख विचारली, वार विचारला, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी पुन्हा म्हणायला लावले. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. सगळे बरोबर आले. गार्डच ते, घड्याळ तर त्यांनी सेकंदकाट्यासह काढले. मग मी मोबाइल उघडून पाहिला. समोरचा खेळाडू माणूस नव्हता, संगणक होता, आणि त्याच्या आठ पातळ्यांपैकी आठवी पातळी निवडलेली होती. सूनबाई म्हणाल्या, "मेंदूला जास्तीत जास्त व्यायाम मिळावा म्हणून मीच सगळ्यात वरची ठेवली." त्यांच्या हेतूत काही खोट नव्हती.

"बाबा, या पातळीला विश्वनाथन आनंदही जिंकणार नाहीत," मी म्हणालो. मी समजूत घालतो आहे असे त्यांना वाटले. ती समजूत नव्हती, हे त्यांना सांगायला मला पुढची पंधरा मिनिटे लागली, आणि बाहेरच्या बाकावरचे रुग्ण अस्वस्थ झाले. तेच आता येथे जरा सविस्तर सांगतो.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या संगणकाकडून साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला. आदल्याच वर्षी फिलाडेल्फियाला त्याने त्याच संगणकाच्या आधीच्या आवृत्तीला चार विरुद्ध दोन असे नमवले होते. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. तेव्हा मी दौंडला भाड्याच्या एका खोलीत नुकताच दवाखाना थाटला होता. शिरूरला माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शाळेत गणित शिकवीत आणि मधल्या सुट्टीत मुलांचे बुद्धिबळ चालवीत. ती बातमी त्यांनी कापून ठेवली. त्याच वर्षी आपले प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले, त्याचेही कात्रण शेजारी चिकटवले. पहिल्या कात्रणाकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारले होते, "हरल्यावर कास्पारोव्ह पटावरून उठून गेला. जिंकून कोण उठलं?" मी म्हटले, कोणी नाही, संगणक तिथेच राहिला. "तेच म्हणतो मी," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर अंतर वाढतच गेले. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक डीप फ्रिट्झ या प्रणालीकडून दोन विरुद्ध चार गुणांनी हरला. त्यातल्या एका डावात तर पुढच्याच खेळीत होणारी मात त्याला दिसली नाही. (चष्मा शोधताना तो कपाळावरच सापडला म्हणून खंतावणाऱ्या माझ्या रुग्णांना मी हा डाव नेहमी सांगतो.) मधल्या काळात इंटरनेटवर एक गमतीची स्पर्धा झाली होती. २००५ साली भरलेल्या त्या स्पर्धेत कोणीही कोणाचीही, संगणकाचीसुद्धा, मदत घेऊन खेळावे अशी मुभा होती. संगणक घेऊन उतरलेले ग्रँडमास्टर मागे पडले आणि साधे संगणक जवळ असलेले अमेरिकेतले दोन हौशी खेळाडू पहिले आले. कोणत्या वेळी कोणत्या यंत्राचे ऐकायचे, हे त्यांना अधिक चांगले कळत होते. आज माणसाची ती भरही यंत्राला फारशी लागत नाही. स्टॉकफिश नावाची प्रणाली कोणाच्याही मोबाइलवर फुकट मिळते. मॅग्नस कार्लसनचे आजवरचे सर्वोच्च मानांकन २८८२ आहे, तर यंत्रांच्या आपसांतल्या यादीत वरची यंत्रे ३५०० च्या पुढे आहेत. दोन्ही याद्या वेगळ्या, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळवता येत नाहीत. पण दरी केवढी आहे ते दिसते. लीला नावाच्या प्रणालीची तर अशी एक आवृत्ती आहे की ती स्वतःचा एक घोडा पटावरून काढून ठेवते आणि मगच खेळायला बसते. इंटरनेटवरच्या झटपट डावांत ती तेवढ्यावरही ग्रँडमास्टरांना जड जाते.

म्हणून ग्रँडमास्टर आता यंत्राशी बरोबरीचा सामना खेळत नाहीत. ते घरी त्याच्यासमोर बसून तयारी करतात. ऑनलाइन स्पर्धांत खरा प्रश्न निराळाच होऊन बसला आहे: पडद्यापलीकडचा माणूस स्वतः खेळतो आहे ना? त्यासाठी खेळ्या यंत्राच्या पसंतीशी किती वेळा जुळतात, सोप्या आणि अवघड खेळीला सारखाच वेळ लागतो का, हे तपासले जाते. मोठ्या स्पर्धांत खेळाडूवर कॅमेरे रोखलेले असतात.

हा प्रश्न अण्णांनी मला एकदा विचारलेला आहे. त्यांना ना कॅमेरा लागला ना संख्याशास्त्र.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अण्णा ८१ वर्षांचे होते. आई जाऊन चार वर्षे झाली होती. शिरूर ते दौंड हा न्हावरे, चौफुला, पाटस असा दीड तासाचा रस्ता. पण मी दिवसभर तापाचे रुग्ण तपासत होतो आणि त्यांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका माझाच होता. राहता राहिला फोन. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने अर्धवट येते. श्रवणयंत्र घेऊन दिले आहे, ते "शिट्टी वाजते" म्हणून टेबलाच्या खणात असते. मी विचारायचो, "जेवलात का?" ते म्हणायचे, "काय?" मी ओरडायचो, "जेवलात का?" ते म्हणायचे, "बरं, ठेवतो." आणि ठेवून द्यायचे. ज्यांचे आईवडील कमी ऐकतात त्यांना हे संभाषण पाठ असेल.

वरच्या मजल्यावर एक तरुण शिक्षक भाड्याने राहतात. त्यांनी अण्णांच्या मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिले. त्या एप्रिलपासून रोज रात्री नऊला आमचा डाव सुरू झाला, दोघांना अर्धा अर्धा तास. अण्णा बुद्धिबळ शिकले ते त्यांच्या वडिलांकडून, देशी नियमांनी. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचे, शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. पुढे शाळेसाठी त्यांनी आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात केले, पण प्याद्यांवरची माया गेली नाही. माझी माया घोड्यांवर. शिरूरला जुनी माणसे घोडनदीच म्हणतात, त्यावरून आमच्या घरात चेष्टा चालते की गावाचे नाव मीच तेवढे मनावर घेतले.

मी बहुतेक डाव हरायचो. त्याचे काही वाटत नसे. पटावर अण्णांना ऐकू येत होते, एवढे मला पुरेसे होते. ते घाईने खेळले की समजावे आज काहीतरी सांगायचे आहे. किल्लेकोट करायला उशीर केला की समजावे तब्येत खुशीत आहे.

जूनच्या अखेरीस एका दिवशी माझ्या एका रुग्णाच्या मृत्यूची बातमी दुपारी आली. पंचविसेक वर्षे माझ्याकडे येणारे गृहस्थ होते. रात्री नऊला पटासमोर बसलो तेव्हा मला कोणत्याही परिस्थितीत हरायचे नव्हते. याहून चांगले कारण माझ्याकडे नाही. मुलाच्या संगणकावर स्टॉकफिश उघडले, अण्णांची खेळी तिथे टाकली, त्याने सुचवलेली खेळी इकडे केली. विसाव्या खेळीपर्यंत अण्णांची वजीराची बाजू कोसळली होती. तेविसाव्या खेळीनंतर त्यांनी खेळणे थांबवले. डाव सोडला नाही, घड्याळ तसेच चालू दिले. मग मोबाइलवर त्यांचा संदेश आला: "हा तू नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. आश्चर्य म्हणजे त्या दिवशी त्यांना सगळे ऐकू आले. ते म्हणाले, "तुझा घोडा कधी मागे जात नाही. लहानपणापासून नाही. काल तीनदा गेला. आणि प्रत्येक खेळीला तेवढाच वेळ. मारायचं प्यादं मारायलाही तेवढाच." मी गप्प. "रात्री नऊची मी वाट बघतो ती कोणासाठी? यंत्र माझ्या फोनमध्ये आहेच की."

बारा दिवस डाव झाला नाही. या बारा दिवसांत मी एकदाही त्यांना आमंत्रण पाठवले नाही. लाज वाटत होती. तेराव्या दिवशी नऊच्या ठोक्याला त्यांचेच आमंत्रण आले. मी नेहमीसारखा दोन्ही घोडे घेऊन धावलो आणि नेहमीसारखा हरलो.

त्या वर्षी बुद्धिबळाचे ऑलिंपियाडही ऑनलाइन झाले. ३० ऑगस्टला अंतिम सामन्यात भारत आणि रशिया. आपला कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेट विस्कळीत झाले, निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि वेळ संपून दोघांचे डाव गेले. भारताने दाद मागितली आणि जागतिक संघटनेने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. पावसाळ्यात शिरूरचे नेट गेले की अण्णांचेही डाव असेच जात. ती बातमी वाचल्यापासून ते प्रत्येक वेळी माझ्याकडे संयुक्त विजेतेपद मागू लागले.

आता ऑक्टोबरची गोष्ट. ज्यांच्या घरात वृद्ध माणूस आहे त्यांनी ही जरा सावकाश वाचावी.

मध्यरात्रीपर्यंत उकाडा असणारे दिवस होते. नेहमीप्रमाणे नऊला डाव सुरू झाला. सहाव्या खेळीला अण्णांनी हत्ती उघडा टाकला. मला वाटले सापळा आहे. मग माझे एक साधे प्यादे मारायला त्यांनी चार मिनिटे घेतली. नंतर उंट एक घर पुढे, पुढच्या खेळीला तोच उंट परत मागे. अकराव्या खेळीला त्यांनी वजीर माझ्या प्याद्याच्या तोंडी आणून ठेवला. अण्णा प्याद्याला विसरले! मी तो वजीर मारला नाही. मोबाइलकडे बघत बसलो आणि चार महिन्यांपूर्वीचे त्यांचेच शब्द माझ्या तोंडी आले. हे अण्णा नव्हेत.

फोन केला, उचलला गेला नाही. वरच्या शिक्षकांना केला. ते धावत खाली गेले. अण्णा खुर्चीत, मोबाइल हातात, डोळे उघडे. बोलणे जड, आणि शिक्षकांना ते जुन्या कुठल्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारत होते. दोन दिवस जुलाब होत होते. मला कळवले नव्हते, "तू कामात असशील" म्हणून. मात्र "पाणी भरपूर प्या" हा माझा सल्ला त्यांनी निष्ठेने पाळला होता. नुसते पाणी, तांब्याच्या तांब्याने. आणि रक्तदाबाची त्यांची गोळी रोज चालू होती. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते.

मी गाडी काढून शिरूरला पोचलो तेव्हा त्यांना एका रुग्णालयात दाखल केलेले होते. रक्तातील सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवे. ती गोळी मीच लिहून दिलेली होती. दर काही महिन्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासायचे, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. टाळेबंदीत माझ्याच वडिलांची तपासणी राहून गेली होती. सोडियम घाईने वाढवले तर मेंदूला इजा होते, म्हणून ते दोन-तीन दिवसांत हळूहळू वर आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारले, "वजीर का नाही मारलास?"

वाचकहो, म्हातारपणी बुद्धी मंदावते ती महिन्या-वर्षांनी. काल बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलू लागला, सुस्तावला, चालताना तोल जाऊ लागला, तर ते वय नव्हे. शोधून काढण्याजोगे काहीतरी कारण असते. जंतुसंसर्ग असेल, साखर कमी झाली असेल, सोडियम उतरले असेल, डोक्याला मार लागला असेल. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर गोळी घ्यावी की थांबवावी, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. आपल्या मनाने काही करू नये. आणि नुसत्या पाण्यावर न राहता जलसंजीवनी द्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तीही विचारूनच.

त्या रात्री समोर आठव्या पातळीचा संगणक असता तर त्याने वजीर क्षणात उचलला असता, पाच खेळ्यांत मात केली असती आणि पडद्यावर अभिनंदनाऐवजी 'पुन्हा खेळायचे?' असे विचारले असते. त्यात त्याचा दोष नाही. माझ्या दवाखान्यातले ईसीजीचे यंत्रसुद्धा पट्टीच्या डोक्यावर निदान छापून देते. बऱ्याचदा ते बरोबर असते. तरी मी पट्टीचा तेवढा भाग दुमडून आधी आलेख वाचतो, मग रुग्णाच्या तोंडाकडे बघतो आणि शेवटी दुमड उघडतो.

यंत्राचा एक गुण मात्र मला मान्य आहे. त्याचे वय वाढत नाही आणि ते कोणाची भीड धरत नाही. आपण आजोबांना मुद्दाम जिंकू देतो, ते देत नाही. म्हणून गार्डसाहेबांचा संगणक मी तिसऱ्या पातळीवर आणला. तिथे ते दहातले पाच-सहा डाव जिंकतात. सूनबाईंना सांगितले, पातळी आता बदलू नका. एखाद्या आठवड्यात ते अचानक सगळेच हरू लागले तर डाव बघत बसू नका, त्यांना घेऊन या. वेळ वाढवून अर्ध्या तासाचा केला, कारण झटपट डावात म्हातारे बोट भलत्याच घरावर पडते आणि माणूस उगीच स्वतःला दोष देतो. आठवड्यातून दोनदा नातवाने समोर पट मांडून खेळायचे, हीही अट घातली. नातू कुरकुरला. बुद्धिबळाने स्मृतिभ्रंश टळतो का, असे सूनबाईंनी विचारले. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरील ४६९ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाचणारे, पट मांडून खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण खेळल्यामुळे मेंदू शाबूत राहिला की मेंदू शाबूत होता म्हणून ते खेळत राहिले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. मी त्यांना खेळायला सांगितले ते, ते खेळताना बोलतात म्हणून.

जून २०२१ मध्ये करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंत हौशी खेळाडूंशी ऑनलाइन खेळले. त्यांपैकी एका उद्योजकाने आनंदना हरवले आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची मदत घेतल्याचे कबूल करून माफी मागितली. अण्णांनी त्या बातमीचा फोटो काढून मला पाठवला. खाली एक अक्षरही लिहिले नव्हते.

आता ते ८६ वर्षांचे आहेत. रक्तदाबाची गोळी बदलली, मोतीबिंदू काढले, श्रवणयंत्र अजून खणातच आहे. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा त्यांनी ते कात्रण कास्पारोव्हच्या जुन्या कात्रणासमोर लावले. "नेट गेलेली मुलगी," अशी तिची ओळख त्यांनी शिक्षकांना करून दिली.

परवाच्या डावात मी बराच विचार करून, स्वतःच्या डोक्याने, एक घोडा मागे घेतला. अर्ध्या मिनिटात संदेश आला: "कोण आहे?"

मी फोन लावला. "मीच आहे, अण्णा."

"काय?"

"मीच आहे!"

"बरं, ठेवतो," म्हणाले. आणि त्यांनी माझे मधले प्यादे मारले.